मांजराचे पिल्लू लांब केसांचे होणार की आखूड, हे आधी कसे ओळखावे

कोल्हापुरात म्हैस घ्यायला निघालेला माणूस तिची आई किती दूध देत होती आणि रेडा कुठला होता, हे विचारल्याशिवाय विसार देत नाही. पर्शियन मांजराचे पिल्लू घेताना मात्र तोच माणूस ‘ट्रिपल कोट’ (कोट म्हणजे अंगावरचे केस; ट्रिपल म्हणजे फार दाट) आणि ‘सेमी पंच’ (थोडा चपटा चेहरा) या शब्दांवर भरवसा ठेवून पैसे मोजतो. हे शब्द विक्रेत्यांच्या बोलण्यातले आहेत. ‘ट्रिपल कोट’ नावाची वेगळी जात नाही. म्हणून चौकशीची सुरुवात आईबापांपासूनच करावी.

केस लांब की आखूड, हे मुख्यतः एफजीएफ५ या एका जनुकावर ठरते. प्रत्येक केस काही काळ वाढतो, थांबतो आणि गळतो. वाढ थांबवण्याचा निरोप देणे हे या जनुकाचे काम असल्यामुळे त्यात बिघाड झाला की केस अधिक काळ वाढत राहतो. असे चार बदल २००७ मध्ये उजेडात आले. त्यांतला एक बहुतेक सगळ्या लांबकेसी जातींत सापडतो, तर बाकीचे मेन कून, रॅगडॉल, नॉर्वेजियन फॉरेस्ट अशा मोजक्या जातींत.

हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे पिल्लाला आई आणि बाप या दोघांकडूनही या जनुकाची बदललेली प्रत मिळाली तरच केस लांब होतात. एकच प्रत मिळालेले मांजर दिसायला आखूड केसांचे असते, पण ती प्रत पुढे देऊ शकते. त्याला वाहक म्हणतात. त्यामुळे पर्शियन बोका आणि वाहक नसलेली गावठी भाटी यांची सगळी पिल्ले आखूड केसांची आणि वाहक निघतात. त्यांतलीच एखादी भाटी पुन्हा पर्शियन बोक्याला दिली, तर प्रत्येक पिल्लाचे केस लांब असण्याची शक्यता निम्मी असते. दोन वाहकांच्या जोडीत ती पाव असते. पाव शक्यता म्हणजे चारांत एक पिल्लू हमखास लांब केसांचे, असा अर्थ कोणी घेऊ नये. दोन वाहकांना चार पिल्ले झाली, तरी त्यांत एकही लांब केसांचे नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के उरते. उलट, दोन आखूड केसांच्या मांजरांना लांब केसांचे एक जरी पिल्लू झाले, तरी दोघेही वाहक असल्याचे सिद्ध होते.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. माजावर आलेली भाटी कौलांवरून शेजारच्या गल्लीत फिरून आली असेल, तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बोका दाखवला गेला तरी भाटी त्या काळात घरात बंद होती का, हे विचारलेच पाहिजे.

पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की कानांच्या आतले झुपके, पायांच्या बोटांमधले केस आणि शेपटीचा फुलोरा पाहावा. पूर्ण कोट यायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ज्यांना जोडी लावायची आहे, त्यांनी अंदाजावर न राहता गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन जनुकचाचणी करावी. ती वर सांगितलेले सगळे बदल तपासते का, हे आधी विचारावे. रॅगडॉल किंवा मेन कूनचा संकर असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

चाचणी लांबी सांगते, दाटपणा सांगत नाही. पर्शियनची दाट आतली लोकर आणि टर्किश अंगोराचा रेशमी, विरळ कोट या दोहोंमागे हेच जनुक असले, तरी फरक इतर अनेक जनुकांनी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने घडवलेला आहे. तो जोखायला आईबाप स्वतः पाहावेत आणि तेही शक्यतो थंडीत. मार्च ते मे या काळात कोल्हापुरात कोट विरळ दिसतो, तेव्हा जानेवारीतले छायाचित्र मागावे. पंचगंगेच्या काठच्या दमट पावसाळ्यात भिजलेली दाट लोकर लवकर वाळत नाही, जट धरते आणि कातडीला बुरशी लागते. घरात रोज विंचरायला कोणी नसेल, तर कमी लोकरीच्या आईबापांचे पिल्लू निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्शियन वंशात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजारही आनुवंशिक असून तो प्रभावी आहे, म्हणजे एका पालकाकडून आलेली एकच प्रत पुरते. कोटाच्या चाचणीसाठी नमुना घेताना त्याच नमुन्यावर ही तपासणीही करून घ्यावी, आणि ज्या मांजरात ती प्रत सापडेल त्याची जोडी लावू नये.