शेअर्ड कॅश कुठे ठेवायची? या चुका टाळा

नागपुरातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही नकाशांचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. एकदा उघडलेला नकाशा पुन्हा पटकन दिसावा म्हणून ते त्याचे तुकडे डिस्कवर साठवतं, हीच कॅश. कॉम्प्युटरवरच्या सगळ्या युजरना ती एकच, म्हणजे शेअर्ड. सकाळच्या बॅचने काटोलकडच्या संत्राबागांचा नकाशा उघडला, सगळं सुरळीत. दुपारी त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या मुलीने लॉगिन केलं आणि 'ॲक्सेस डिनाइड'. मे महिना, बाहेर 45 अंश, आत अख्खी बॅच खोळंबलेली.

कॅश होती विंडोजच्या प्रोग्रॅम डेटा फोल्डरमध्ये, म्हणजे जागा बरोबर होती. चुकली होती परवानगी. तिथे कोणताही साधा युजर नवी फाइल करू शकतो, दुसऱ्याची वाचूही शकतो. पण ती बदलता येते फक्त करणाऱ्याला आणि ॲडमिनला. नकाशांचे तुकडे वाचले जात होते, अडकत होती ती त्यांची सूची असलेली फाइल, कारण ती सकाळच्या मुलाच्या नावावर होती. उपाय असा: इन्स्टॉल करतानाच तिथे आपला फोल्डर तयार करा आणि युजर्स गटाला 'मॉडिफाय' हक्क द्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबमध्ये तो लागला का, हे डोळ्यांनी बघा.

प्रोग्रॅम फाइल्समध्ये कॅश ठेवणं त्याहून वाईट, कारण ही चूक दिसतच नाही. व्हिस्टापासून पुढे विंडोज जुन्या 32 बिट प्रोग्रॅमचं तिथलं लिखाण गुपचूप प्रत्येक युजरच्या व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये वळवतं. आपल्याला वाटतं कॅश एकच आहे. प्रत्यक्षात 10 युजर तर 10 प्रती.

लिनक्सवर होममधला डॉट कॅश फोल्डर ज्याचा त्याचा. सर्वांसाठीची जागा म्हणजे व्हारमधला कॅश फोल्डर. तिथे एक ग्रुप करून फोल्डरला 2775 परवानगी द्या, म्हणजे मालक आणि ग्रुप लिहू शकतात, बाकीचे फक्त वाचू शकतात. त्यातल्या 2 मुळे नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. एवढं करूनही दुसऱ्याला लिहिता येत नसेल तर युमास्क, म्हणजे नव्या फाइलचे कोणते हक्क कापायचे ते ठरवणारी सेटिंग, तपासा. 022 असेल तर ग्रुपचा लिहिण्याचा हक्क कापला जातो, तिथे 002 हवा. टेम्प फोल्डर मात्र नकोच. रीस्टार्टनंतर तो रिकामा होऊ शकतो, आणि ठरलेल्या नावाची फाइल दुसरा कोणी आधीच करून ठेवू शकतो. मॅकवर डिस्कच्या मुळाशी असलेल्या लायब्ररीतला कॅशेस फोल्डर सर्वांचा, होममधल्या लायब्ररीतला एकट्याचा.

अर्धवट फाइलचा त्रास तिन्हीकडे होतो. एक जण लिहीत असताना दुसरा वाचतो आणि नकाशात पांढरा चौकोन दिसतो. म्हणून आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, मग नाव बदला.

जिथे सगळे लिहू शकतात तिथे कोणी वाईट फाइलही टाकू शकतो. त्यामुळे शेअर्ड कॅशमधून प्रोग्रॅम कधीच चालवू नका, आणि डेटा वाचण्याआधी हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, पडताळा.

लॅबला देण्यापूर्वी आम्ही आता कॅशच्या फोल्डरमधलं सगळं उडवतो (फोल्डर तसाच ठेवतो), एका साध्या युजरने लॉगिन करून नकाशा उघडतो, मग दुसऱ्याने. ॲडमिनच्या खात्यावर केलेली चाचणी धरतच नाही.