पाइप घसरला तर? हार्डवेअर दुकानदाराची जादा विम्याआधीची तयारी

आमच्या दुकानात एकदा 20 फुटी जीआय पाइप रॅकवरून घसरला आणि खाली उभ्या असलेल्या प्लंबरच्या पायाची दोन बोटं मोडली. पॉलिसी काढून पाहिली, तर मालाला विमा 75 लाखांचा आणि गिऱ्हाइकाला इजा झाली तर फक्त 1 लाखाचा. ऑपरेशन आणि दोन महिन्यांची बुडालेली मजुरी धरून वरचे पैसे आम्ही घातले. त्याचं काही वाटलं नाही, माणूस वीस वर्षांचा ओळखीचा. पण तो पाइप डोक्यावर पडला असता तर, हा विचार अजून जात नाही. तेव्हापासून पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी, गिऱ्हाइकाच्या इजेची मर्यादा वाढवून घेण्यासाठी मी जी तयारी करतो, ती इथे देतो.

आधी जुनी पॉलिसी शेड्यूलसकट (रकमा आणि मर्यादा लिहिलेलं पान) बाहेर काढा. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या व्यवसायांना मिळणारी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ (5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी) हा आगीचा विमा आहे. तो तुमची इमारत आणि माल सांभाळतो, दुकानात जखमी झालेल्या माणसाची भरपाई देत नाही. दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे दुकानात बाहेरच्या माणसाला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचा, भाग असू शकतो, पण रक्कम नाममात्र ठेवलेली असते आणि आपण ती कधी वाचत नाही. तिथे दोन आकडे शोधा: एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. वकिलाचा खर्च याच रकमेतून जातो की वेगळा मिळतो, तेही एजंटकडून लेखी घ्या.

मग वही घेऊन दुकानात गिऱ्हाइकासारखं फिरा. फुटपाथवर मांडलेल्या बादल्या, दाराशी उभे केलेले पत्रे, बाहेर डोकावणाऱ्या सळया, पोटमाळ्यावर चढायची डुगडुगणारी घोडी, थिनर आणि टर्पेंटाइनचे डबे, सगळं लिहा आणि फोटो काढा. काही गोष्टी त्याच दिवशी दुरुस्त होतात. आम्ही पाइपच्या रॅकला पुढून साखळी लावली, खर्च किरकोळ आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विक्रीशिवाय तुम्ही आणखी काय करता ते प्रामाणिकपणे लिहा. पाइपला आटे पाडून देता? काच कापता? ब्रेकर, ड्रिल मशीन भाड्याने देता? गिऱ्हाइकाच्या घरी गीझर बसवायला माणूस पाठवता? प्रस्ताव अर्जात नुसतं ‘हार्डवेअर विक्री’ लिहिलं आणि अपघात भाड्याच्या ब्रेकरने झाला, तर क्लेम अडणारच. प्रीमियम थोडा वाढला तरी ही माहिती दडवू नका.

विकलेल्या वस्तूमुळे पुढे कुणाला इजा झाली, तर तो विषय बहुतेक वेळा पब्लिक लायबिलिटीत येत नाही. त्याला प्रॉडक्ट लायबिलिटी लागते, आणि आपले बरेच व्यापारी इथेच गाफील असतात. ‘बनवली कंपनीने, मी फक्त विकली’ हे दर वेळी चालत नाही. 20 जुलै 2020 ला लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 86 नुसार विक्रेताही जबाबदार ठरू शकतो: वस्तूत स्वतः फेरफार केला, कंपनीपेक्षा वेगळी हमी तोंडाने दिली, उत्पादकाची धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, किंवा उत्पादक कोण हेच सांगता आलं नाही. शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. कच्च्या बिलावर आणलेली विनानावाची वायर जळाली, तर मागे उभं राहायला कंपनीच नाही. म्हणून खरेदीची पक्की बिलं कंपनीवार लावा आणि वायर-स्विचवर आयएसआय मार्क आहे का ते पाहून घ्या. अ‍ॅसिड विकत असाल तर रजिस्टर हवंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशाप्रमाणे फोटो असलेलं ओळखपत्र पाहून, पत्ता आणि कारण नोंदवूनच ते विकता येतं, आणि 18 वर्षांखालच्या मुलाला देताच येत नाही.

हमाल, नोकर आणि टेम्पो पब्लिक लायबिलिटीच्या मर्यादेत धरू नका. नोकरांसाठी कामगार भरपाईची पॉलिसी आणि टेम्पोसाठी वाहनाचा विमा वेगळा लागतो.

आता पब्लिक लायबिलिटीची रक्कम किती घ्यायची? मालाच्या किमतीवरून ठरवू नका, माणसावरून ठरवा. समजा गिऱ्हाईक 32 वर्षांचं, महिना 25,000 कमावणारं, घरी बायको आणि दोन मुलं. रस्ता अपघातातल्या मृत्यूत न्यायालयं वापरतात तो हिशेब इथे अंदाजाला उपयोगी पडतो: वर्षाचे 3 लाख, स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की 2 लाख, गुणिले 16 (या वयासाठी ठरलेला गुणक), म्हणजे 32 लाख. स्वतःचा धंदा करणाऱ्या अशा वयाच्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले की 45 लाखांच्या जवळ. हा एका माणसाचा आकडा झाला. मी त्यावरून एका अपघाताला 50 लाख आणि वर्षाला 1 कोटी अशी मर्यादा मागितली. अपघातामागे पहिली किती रक्कम तुम्ही सोसायची, हेही त्याच वेळी विचारा.

कंपनी बदलत असाल तर जुनी ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख’ (जिच्या आधी घडलेल्या घटना पॉलिसी धरत नाही ती तारीख) नव्या पॉलिसीत लिहून घ्या. हे लायबिलिटीचे विमे बहुधा दावा कधी आला त्यावर चालतात. घटना मागच्या वर्षीची आणि नोटीस यंदाची असेल, तर मधला खंड किंवा बदललेली तारीख महागात पडते.

राहिलं अपघाताच्या दिवसाचं, आणि हे नोकरांना आजच सांगून ठेवा. जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं, त्याला कुठलीही पॉलिसी आड येत नाही. पण ‘चूक आमची, एवढे पैसे देतो’ असं विमा कंपनीला न विचारता लिहून द्यायचं नाही. तशी अट पॉलिसीत असते आणि ती मोडली तर क्लेम हातचा जाऊ शकतो. जागेचे फोटो, साक्षीदारांची नावं आणि सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायचं, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. पॉलिसी क्रमांक आणि क्लेमचा फोन आम्ही मोठ्या अक्षरांत गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलाय, म्हणजे मी दुकानात नसलो तरी पोराला शोधावा लागत नाही.