कौन्सिलच्या स्पीड लिमिटबद्दल तक्रार करायचीय? मग आधी हे वाचा

इंग्लंडमध्ये कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, कुणाच्या रस्त्यावर लिमिट ताशी ३० मैलांचं २० केलेलं असतं, तर कुणाच्या दारासमोरून गाड्या सुसाट जातात तरी कौन्सिल लिमिट कमी करत नाही. दोन्हीकडचे लोक वैतागून लांबलचक इमेल पाठवतात आणि हातात येते फक्त पोच. चीड अगदी बरोबर आहे पण नुसत्या चिडीवर ऑर्डर बदलत नाही.

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. जिथे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी दोन कौन्सिलं आहेत तिथे रस्ते काउंटीकडे असतात, मोटरवे आणि मोठे ए रोड नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे, आणि लंडनमधले रेड रूट, म्हणजे कडेला लाल रेघा असलेले मुख्य रस्ते, टीएफएलकडे (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन). आणि लिमिट ठीक आहे पण लोक पाळत नाहीत अशी तक्रार असेल तर ती पोलिसांकडे न्यायची, स्पीडिंगचा दंड कौन्सिल करत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. लिमिट बदलायच्या आधी कौन्सिलला ट्रॅफिक ऑर्डरची, म्हणजे रस्त्याचा नियम ठरवणाऱ्या कायदेशीर हुकमाची, नोटीस काढावी लागते आणि ती निघाल्यापासून हरकत घ्यायला किमान २१ दिवस मिळतात. लोक नेमके इथेच चुकतात, नोटीस खांबावर लटकत असते, लोकल पेपरात येते, कुणी वाचत नाही आणि मग नवीन बोर्ड लागल्यावर आरडाओरडा. हरकत लेखी हवी, नोटिशीवरच्या पत्त्यावरच पाठवायची, त्यावरचा रेफरन्स नंबर टाकायचा आणि कारण लिहायचं. कारण नसलेली हरकत धरली जाईल असं समजू नका. कौन्सिलने स्वतःची कारणं दिलेलं 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' पण बघायला ठेवलेलं असतं, ते मागून घ्या आणि त्यातल्याच मुद्द्यांना उत्तर द्या, हे मी कळकळीने सांगतेय कारण बहुतेक जण ते उघडतच नाहीत.

मग आकडे. माहिती अधिकाराखाली, म्हणजे तिकडच्या एफओआयखाली, त्या रस्त्याचा स्पीड सर्व्हे मागा, कधी केला, कुठे केला, सरासरी स्पीड किती आणि '८५ पर्सेंटाइल' किती, म्हणजे १०० पैकी ८५ गाड्या ज्या स्पीडला किंवा त्याखाली जातात तो आकडा. उत्तर साधारण २० वर्किंग डेजमध्ये यायला हवं, त्यामुळे हरकतीच्या मुदतीत ते पोचेलच असं नाही, अर्ज लवकर टाका. स्पीड लिमिटबद्दलच्या सरकारच्या २०१३ च्या सर्क्युलरप्रमाणे नुसत्या बोर्डांवर २० ठेवायचं तर सरासरी आधीच २४ च्या आसपास किंवा खाली असलेली बरी. सरासरी त्याच्या बरीच वर असेल तर नुसते बोर्ड पुरणार नाहीत हा भक्कम मुद्दा आहे, आणि गंमत म्हणजे तोच आकडा लिमिट कमी हवं असणाऱ्यालाही चालतो, त्याने रस्त्याची रचनाच बदला असं मागायचं. जखमी झालेल्या अपघातांची नोंदही जोडा. पायी चालणारी मुलं, म्हातारी माणसं, सायकलवाले यांच्याबद्दल एक अक्षर नसलेली हरकत मला तरी अर्धवट वाटते.

बोर्डांबद्दल एक, रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब एकमेकांपासून २०० यार्डांपेक्षा लांब नसतील तर वेगळं लिमिट सांगणारा बोर्ड नसताना तिथे ३० चं लिमिट आपोआप असतं आणि मध्येमध्ये ३० चे छोटे बोर्ड लावत नाहीत, म्हणून 'वाटेत बोर्डच नव्हता' ही तक्रार तिथे टिकत नाही. झाडाने झाकलेला बोर्ड मात्र फोटो काढून लगेच कळवा.

ऑर्डर निघून गेली असेल तर आपल्या कौन्सिलरला भेटा, फेरविचार मागा. प्रक्रियेत घोळ झाला असेल, म्हणजे हरकत वाचलीच नाही वगैरे, तर आधी कौन्सिलची अधिकृत तक्रार पूर्ण करा आणि मग ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलच्या कारभाराच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जा, साधारण १२ महिन्यांच्या आत. लिमिट २० हवं की ३० हे तो ठरवत नाही, फक्त काम नीट झालं का ते बघतो. ऑर्डरच बेकायदेशीर आहे असं म्हणायचं असेल तर हायकोर्टात जायला फक्त ६ आठवडे असतात, तेव्हा त्या वाटेला जायचं तर वकिलाला पहिल्याच आठवड्यात गाठा.