शाळूची भाकरी गोड लागेपर्यंत: दात कसे सांभाळावेत

आज जेवायला बसलात की एक करून बघा. शाळूच्या भाकरीचा तुकडा भाजी-आमटी न लावता तोंडात टाका आणि मिनिटभर नुसता चावत राहा, गिळू नका. थोड्या वेळानं तो गोडसर लागायला लागेल. लाळेतल्या अमायलेज नावाच्या पाचकरसानं पिठातल्या स्टार्चची साखर करायला घेतलेली असते. म्हणजे पचन तोंडातच सुरू होतं. पुढं जठरातलं आम्ल आहे, सुमारे ६ मीटर लांबीचं लहान आतडं आहे, त्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. पण यातल्या कुणालाच दात नाहीत. घास जेवढा बारीक होऊन उतरेल तेवढं त्यांचं काम हलकं.

आता आरशासमोर तोंड उघडा. पुढचे ८ पटाशीचे दात घास तोडतात, ४ सुळे फाडतात, ८ उपदाढा आणि १२ दाढा दळतात. एकूण ३२, अक्कलदाढा आल्या नसतील तर २८. घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर त्याचंही तोंड बघा. दुधाचे दात २०. त्यातल्या शेवटच्या दाढेच्या मागं सहाव्या वर्षाच्या आसपास एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते. गेली की दुसरी येत नाही.

दात किडतात कसे, ते आपल्या सांगली भागात तरी प्रत्येकाला ठाऊक हवं. गळीत हंगामात ट्रॉलीतला ऊस ओढून सोलत बसायचं, गुळाचा खडा येता-जाता तोंडात टाकायचा, तासगावचे बेदाणे खिशात. तोंडातले जंतू ही साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावरचं एनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण आम्लापुढं तेही झिजतं. लाळ ते आम्ल निवळवते, मात्र त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. दर दहा मिनिटांनी एक बेदाणा चघळला तर तिला उसंतच मिळत नाही. म्हणून गोड खायचं ते जेवणासोबत, एकदाच, आणि वर खळखळून चूळ भरायची. गूळ नैसर्गिक म्हणून दाताला चालतो, हे खरं नाही. त्यातही मुख्यतः साखरच आहे. आणि ऊस खाल्ल्यानं दात साफ होतात हे मीही ऐकत मोठी झाले. चोथ्यानं थोडं घासलं जात असेल, पण रस सगळा फटीत जातो.

घासायचं दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. त्यातलं एक चुकवायचंच झालं तर सकाळचं चुकवा, रात्रीचं नको. झोपेत लाळ खूप कमी होते, आणि भडंगाचा चुरा दाढेत तसाच असेल तर जंतूंना रात्रभर मोकळं रान. ब्रश मऊ घ्या. तो हिरडीच्या कडेला तिरका टेकवा, हलक्या हातानं छोटे गोल फिरवा, दाढांच्या आतल्या बाजूला जास्त वेळ द्या. पेस्ट फ्लोराइडची असावी. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरे, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. नंतर फेस थुंकून टाका, पण लगेच भरपूर पाण्यानं चुळा भरू नका. फ्लोराइड दातावर थोडं राहू द्या. चिंच, लिंबू खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून घासा. केस वाकडे झाले की, नाहीतर तीन महिन्यांनी, ब्रश बदला.

मिसरीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. माझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. सगळ्या घरात त्याचा ठसका उठायचा. मग डाव्या तळव्यावर ती भुकटी घेऊन तर्जनीनं हिरड्यांवर चोळत उंबऱ्यात बसायची, तासभर. हिरड्या खाली सरकल्या, दात लांब दिसायला लागले, मग एकेक हलून पडले. शेवटची वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून खायची. मिसरी म्हणजे तंबाखूच. तिनं दात साफ होत नाहीत आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरात कुणी लावत असेल तर तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यावर नजर ठेवा. काही दिसलं तर लगेच दाखवा.

दाढ दुखायला लागली तर गोळी चुरून हिरडीवर दाबू नका, हिरडी भाजते. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असंही नसतं. कधी आतली नसच मेलेली असते. सांगलीत दंत महाविद्यालयं आहेत, तिथं खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. वर्षातून एकदा काही दुखत नसतानाच जाऊन या.

आणि खेळताना पोराचा कायमचा दात मुळासकट पडला, तर मुळाला हात न लावता तोंडात दिसणाऱ्या बाजूनं उचला, माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. लगेच जागेवर बसवता आला तर उत्तम, नाहीतर वाटीभर दुधात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत डॉक्टर गाठा. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नसतो.