जाळ बसू द्या: नागपूरच्या थंडीत निखाऱ्यावरचं जेवण कसं करावं

डिसेंबरात नागपूरचा पारा रात्री दहाच्या आसपास घसरला, की घरोघरी एकच बेत शिजतो. कुणाच्या तरी शेतावर जायचं, शेकोटी पेटवायची आणि जेवणही तिथेच करायचं. बेत बिघडतो तो नेहमी एकाच ठिकाणी. जाळ भडकला की आपल्याला धीर निघत नाही, मटण जाळीवर चढतं. दहा मिनिटांत वरून काळं होतं आणि हाडाजवळ कच्चंच राहतं.

मीही हेच करत होतो. काटोलकडे आत्याच्या शेतात एकदा जाळी उचलून ज्वाळेवर ठेवायला निघालो, तर आत्या गोवऱ्या रचता रचता म्हणाली, "काऊन घाई करून राहिला बापा? जाळ बसू दे. निखारा पडू दे." पाऊण तास आम्ही नुसते बसून राहिलो. मग तिने त्या निखाऱ्यात रोडगे, म्हणजे गव्हाच्या कणकेचे गोळे, पुरले आणि बाजूला थोडे निखारे ओढून माझ्या मटणाला दिले. इतकं नीट भाजलेलं मटण मी त्याआधी केलं नव्हतं.

पुढे जगभरचे भाजण्याचे प्रकार वाचत, करून बघत गेलो, तेव्हा आत्याचंच म्हणणं जिथे तिथे सापडलं. अर्जेंटिनात असादो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, करणारा माणूस लाकूड एका बाजूला वेगळं जाळतो आणि पडलेला निखारा फावड्याने ओढून मांसाखाली पसरतो. दक्षिण आफ्रिकेत ब्राय म्हणजे लाकूड जळून निखारा होईपर्यंत आगीभोवती गप्पा मारत बसणं. तिथे 24 सप्टेंबरचा हेरिटेज डे लोक ब्राय डे म्हणूनच साजरा करतात. जॉर्जिया देशात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर मांसाच्या सळया भाजतात. हे पक्कं डोक्यात ठेवलं की बाकी सगळं सोपं आहे. खालचं प्रमाण आठ माणसांचं आहे.

कोळसा आणि लाकूड

आपल्या भागात ही चूक सहज होते, म्हणून आधीच सांगतो. उमरेड, कामठी, चंद्रपूरच्या खाणी जवळ असल्याने आपल्याकडे दगडी कोळसा सहज हाती लागतो. तो जेवणाला अजिबात वापरायचा नाही. त्यात गंधक असतं, धूर कडवट आणि घातक येतो. लाकडी कोळसाच आणायचा. बाभळीचा मिळाला तर उत्तम, कारण तो जड असतो आणि निखारा बराच वेळ टिकतो. चार किलो पुरतो. हातात घेऊन दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर कोळसा कोरडा आणि नीट जळालेला आहे. आवाज बद्द आला तर ओल आहे, तो धूर करणार.

धुराचा वास हवा असेल तर संत्र्याच्या लाकडासारखं दुसरं नाही. बहार तुटल्यावर बागेत सल काढतात, त्या वाळलेल्या फांद्या बागवाल्याकडे मागा. धूर हलका, किंचित गोडसर येतो. एक मात्र काटेकोर पाळा: बुंध्याचं लाकूड घेऊ नका. बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना फासलेला असतो. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांवरच्या रोगासाठी निघालेलं हे औषध आज आपल्या संत्राबागांचं रक्षण करतं, पण त्याचा धूर अन्नाला लागता कामा नये. फवारणी झालेल्या ताज्या फांद्याही नकोत. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खिडक्या, हे तर नाहीच नाही.

पेटवणं

आठला जेवायचं असेल तर सव्वासहाला पेटवा. खाली तुराट्या मोडून ठेवा, वर कोळशाचा ढीग करा. तुराटी झटकन पेटते आणि तिला वास नसतो. रॉकेल ओतू नका, त्याचा वास मांसात उतरतो आणि मग काही केल्या जात नाही.

कोळशाच्या अंगावर पांढुरकी राख चढली आणि ज्वाळ दिसेनाशी झाली, की निखारा तयार. आता तो सगळीकडे सारखा पसरू नका. दोन तृतीयांश एका बाजूला दाट, उरलेला दुसऱ्या बाजूला विरळ. दाट बाजूवर रंग येतो, विरळ बाजूवर आतून शिजतं. जाळीपासून वीतभर उंचीवर तळहात धरा आणि मोजा. दोन-तीन आकड्यांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम. आपल्याला मध्यम हवी.

आणि हे सगळं उघड्यावर. थंडी वाजते म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद पडवीत नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो तरी कळत नाही.

आधी रोडगे आणि वांगी

कोळसा पेटवाल तेव्हाच शेजारी गोवऱ्यांचा वेगळा हार रचून पेटवा. गव्हाचं पीठ रवाळ दळलेलं हवं. नेहमीच्या पोळीच्या कणकेचे रोडगे चिवट होतात. एक किलो पिठाला मीठ, चमचाभर ओवा आणि अर्धी वाटी तेलाचं मोहन. पाणी बेताने घालून घट्ट मळा. छोट्या पुऱ्या लाटा, प्रत्येकीला तेल लावा, चार एकावर एक ठेवा. मग एक मोठी पुरी लाटून ही चळत तिच्यात घ्या, कडा वर ओढून तोंड बंद करा आणि तळहातावर गोल करा. तोंड नीट मिटलं पाहिजे. फट राहिली तर राख आत जाते.

गोवऱ्यांचा जाळ बसला की राख बाजूला सारा, रोडगे निखाऱ्यात ठेवा, वर गरम राख ओढा. दहा-दहा मिनिटांनी फिरवा. पाऊण तास लागतो. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला आणि कवच तडकलं, की झाले. फडक्यात घेऊन राख झटका, मुठीने फोडा. आतल्या पुऱ्यांचे पापुद्रे वेगळे होऊन वाफ वर येते. त्याच क्षणी तूप सोडा, गार झालेला रोडगा तूप पीत नाही.

त्याच आगीत भरताची वांगी. सुरीने दोन-चार टोचे द्या, तेल लावा, साल सगळीकडून काळी होऊन देठाजवळ मऊ पडेपर्यंत फिरवत राहा. सोलून ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून घोटा.

मटण

दोन किलो चापा, म्हणजे बरगडीचे तुकडे, बोटभर जाड कापून घ्या. पातळ चाप वाळते. अर्जेंटिनात मांसाला भाजताना फक्त जाडं मीठ लावतात. तिथलं गोमांस चरबीदार, आपला बोकड मात्र कमी चरबीचा आणि चिवट अंगाचा. म्हणून किलोला एक मोठा चमचा कच्च्या पपईचा गर लावून दीड तास ठेवा. जास्त नाही. पपईतलं पाचक द्रव्य मांसाचे धागे तोडतं, रात्रभर ठेवलं तर लगदा होतो.

सावजीची चव हवी असते, आणि इथेच गडबड होते. सावजीचं वाटण रश्श्यासाठी आहे. त्यातलं खोबरं आणि खसखस निखाऱ्यावर करपतात, तेल गळून ज्वाळ उठते. माझा मार्ग असा: खोबरं, खसखस बाजूला ठेवायची. धणे, शहाजिरं, काळी मिरी, लवंग, मसाला वेलची, दगडफूल कोरडं भाजून कुटायचं आणि त्यात भिवापुरी मिरचीचं तिखट मिसळायचं. हा कोरडा मसाला मिठाबरोबर चापांना चोळायचा, तेल फक्त एक चमचा. दगडफूल विसरू नका. धुराशी त्याचं जे जमतं ते दुसऱ्या कुठल्याच मसाल्याचं जमत नाही. रस्सा खायचाच असेल तर मानेच्या हाडांचा वेगळा करा, रोडग्यावर ओता.

दाट निखाऱ्यावर एका बाजूने चार मिनिटं, उलटून चार मिनिटं. चरबी गळून ज्वाळ उठली की चाप लगेच बाजूला सरकवा, पाणी मारू नका. पाण्याने राख उडून मांसावर बसते. रंग आला की विरळ बाजूला नेऊन संत्र्याची एक फांदी निखाऱ्यावर टाका, वर परात झाका आणि वीस मिनिटं थांबा. काढल्यावर पाच मिनिटं ताटात तशीच राहू द्या, म्हणजे रस आत जिरतो.

अख्खं रान, म्हणजे बोकडाची अख्खी मांडी, करायचं असेल तर टेक्सासकडून शिका. तिथे गाईच्या छातीचं मांस 110 अंशांच्या आसपास दहा-बारा तास बंद भट्टीत ठेवतात. इतक्या वेळात त्यातला चिवट भाग विरघळून जिलेटिन होतो. रानाला विरळ बाजूला झाकून चार तास द्या, दर पाऊण तासाला नवा निखारा घाला.

सोबत चिमिचुरी, म्हणजे हिरवी चटणी. अर्जेंटिनात ती पार्सलीची करतात. मी सांबाराची करतो: एक जुडी बारीक चिरून, सहा लसूण पाकळ्या, थोडा ओरेगानो, तिखटाचे कूट, मीठ, तीन चमचे व्हिनेगर आणि अर्धी वाटी तेल. मिक्सरमध्ये फिरवू नका, सुरीनेच चिरा.

ग्लासात काय

तिखट आणि वाइन यांचं गणित साधं आहे. अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवतं आणि लाल वाइनचा तुरटपणा तिखटासमोर बोचरा होतो. म्हणून सावजी मसाल्याच्या चापांबरोबर नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन, चांगली थंड करून. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, पण आज सर्वांत जास्त पिकतं दक्षिण आफ्रिकेत.

थोड्या चापा नुसत्या मिठाच्या ठेवा. त्यांच्यासोबत अर्जेंटिनाची माल्बेक किंवा नाशिकची शिराझ. माल्बेकही मूळची फ्रेंच, 1853 च्या सुमारास अर्जेंटिनात गेली आणि अँडीजच्या पायथ्याशी मेंडोसात अशी रुजली की आता तिथलीच झाली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सांगतात, ते थंड देशातल्या खोल्यांबद्दल. आपल्याकडे ती वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. डिसेंबरच्या रात्री शेतावर असाल तर बाटली उघड्यावर ठेवली तरी काम होतं.

शेत वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असेल तर वाइन नेऊच नका, तिथे दारूबंदी आहे. अंबिया बहाराची संत्री या दिवसांत रसाने भरलेली असतात. अर्धी कापून शेवटच्या मंद निखाऱ्यावर कापलेली बाजू खाली करून दोन मिनिटं ठेवा. साखर जरा करपते, रस गरम होतो. थोडा चापांवर पिळा, उरलेला पेल्यात घेऊन चिमूटभर काळं मीठ घाला. लहान मुलांना हा पेला फार आवडतो.

उठण्यापूर्वी निखारे पसरवून त्यांवर माती ओढा. वरून विझलेली दिसणारी राख आतून सकाळपर्यंत गरम असते. त्याआधी दोन-तीन रोडगे मात्र बाजूला काढून ठेवा. सकाळी कुस्करून, तूप-गूळ घालून, चहाच्या आधी खायला.