‘मी त्यांच्या जागी असतो तर...’ : यूएक्स डिझाइनमध्ये समानुभूतीच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

यूजर एक्सपिरियन्स (यूएक्स) डिझाइन, म्हणजे ॲप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याचे काम, शिकणाऱ्याला ‘वापरकर्त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ हा समानुभूतीचा धडा सर्वांत आधी दिला जातो, आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते. त्या जागी जाताना आपण आपली नजर, आपला मोठा मॉनिटर आणि ॲपची आतली सगळी माहिती सोबत नेतो. त्यामुळे ‘मला तर हे सोपे वाटले’ या वाक्यातून वापरकर्त्याविषयी काहीच कळत नाही. चर्चेत असे वाक्य आले, की ‘हे कोणाला करताना आपण पाहिले आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर नसेल तर त्याची नोंद केवळ अंदाज म्हणून करावी.

वापरकर्त्याच्या मुलाखतीत ‘ही सोय तुम्हाला आवडेल का?’ असे विचारले, तर समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी ‘हे काम मागच्या वेळी केलेत तेव्हा काय काय झाले?’ असे विचारल्यास अडचणी आपोआप बाहेर येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र चाचणीच्या वेळी, म्हणजे वापरकर्ता ॲप वापरत असताना आपण शेजारी बसून पाहतो तेव्हा, होते, आणि ती चांगुलपणातून होते. एका नोंदणी फॉर्मच्या चाचणीत एक बाई ओटीपी पाहण्यासाठी मेसेजच्या ॲपमध्ये गेल्या आणि परत आल्या, तर भरलेला फॉर्म कोरा झालेला. त्यांनी निमूटपणे सगळे पुन्हा भरले. पुन्हा तेच झाले. ‘माझंच काहीतरी चुकत असेल,’ असे त्या पुटपुटल्या, तेव्हा माझ्या सहकाऱ्याला राहवले नाही आणि त्याने ओटीपी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचण्याची युक्ती सांगितली. बाईंची सुटका झाली. पण घरी एकट्या असत्या तर त्यांनी काम सोडून दिले असते, की कोणाला हाक मारली असती, की आकडे कागदावर उतरवून घेतले असते, हे कळायचे राहून गेले. शेवटी मत विचारल्यावर ‘ॲप छान आहे’ असेच त्या म्हणाल्या. म्हणून माणूस काय म्हणाला आणि त्याने काय केले, याच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि मदत करावीच लागली तर तो टप्पा अपयशी धरावा. शांत बसणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष कोणालाही न भेटता, बैठकीत बसून रचलेल्या पर्सोनांबद्दल, म्हणजे नमुनेदार वापरकर्त्यांच्या व्यक्तिचित्रांबद्दल, फार लिहिण्याची गरज नाही. त्या आपल्याच पूर्वग्रहांना दिलेले नाव आणि चेहरा असतात.

डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर फोन वापरला, की दृष्टिहीनांचा अनुभव कळला, हाही असाच एक गैरसमज आहे. त्या तासात नवख्या माणसाची भांबावलेली अवस्था तेवढी कळते. वर्षानुवर्षे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याची सफाई कळत नाही. डिझायनर पॅट्रिशिया मूर यांनी 1979 ते 1982 या काळात वृद्ध स्त्रीचे रूप घेऊन, दृष्टी धूसर करणारा चष्मा लावून आणि सांधे आखडून ठेवणाऱ्या पट्ट्या बांधून अमेरिका आणि कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत प्रवास केला. त्या तपश्चर्येची बरोबरी एका दुपारच्या कार्यशाळेला साधत नाही. शिवाय जे आधीच ठाऊक आहे, त्यासाठी सोंग घेण्याचे कारणच नाही. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरकाचे गुणोत्तर) असावा, असे डब्ल्यूसीएजी ही वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते, आणि 2023 मध्ये आलेल्या तिच्या 2.2 आवृत्तीत, काही अपवाद वगळता, स्पर्शाच्या जागेसाठी किमान 24 बाय 24 सीएसएस पिक्सेल (वेबपानावरील मापाचे एकक) हे माप आहे. एवढे मोजून घ्यावे आणि वाचलेला वेळ स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीसोबत बसण्यात घालवावा.

शेवटची चूक म्हणजे समानुभूती केवळ गोड शब्दांत उरणे. ‘अरेरे, काहीतरी बिघडले!’ हा संदेश कितीही लाघवी असला, तरी पैसे कापले गेले की नाही, हे तो सांगत नाही. त्या नोंदणी फॉर्मवर आमचा पहिला उपाय ‘घाई नको, सावकाश भरा’ ही ओळ टाकण्याचा होता. ओटीपीची मुदत मात्र दोन मिनिटांचीच राहिली होती. पुढच्या चाचणीनंतर ती ओळ काढली, मुदत वाढवली आणि परत आल्यावर भरलेली माहिती जागच्या जागी राहील अशी सोय केली.