चॉकलेटच्या कुरकुरीत सुरळ्या: सगळा खेळ दहा सेकंदांचा

गरम असताना गुंडाळायच्या या पातळ बिस्किटांच्या कृतींमध्ये हमखास एक वाक्य सापडतं: "ट्रे बाहेर काढून दोन मिनिटं थांबा आणि मग गुंडाळा." हे लिहिणाऱ्याने सुरळ्या कधी केलेल्याच नसाव्यात. दोन मिनिटांनी हातात गोल पापड येतो आणि तो वळवायला गेलं की चुरा होतो. माझे पहिले तीन घाणे असेच गेले. मैदा बदलला, साखर बदलली, अंडी बदलली. चूक त्यांच्यात नव्हतीच, चूक त्या दोन मिनिटांत होती.

नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. ताटातलं चॉकलेट ओघळणार नाही तर काय होईल? "कूलर लावून करू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. कूलर ओली हवा फेकतो. त्या हवेत सुरळी पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडते. पावसाळ्यातही हीच गत. हिवाळ्यात हवा कोरडी असते, आणि आंबिया बहाराची संत्रीही बाजारात आलेली असतात. ती आपल्याला लागणार आहेत.

पिठासाठी दोन अंड्यांचा पांढरा भाग घ्या, तो साधारण ६० ग्रॅम भरतो. पिठीसाखर, मैदा आणि वितळवून कोमट केलेलं बटर, प्रत्येकी तितकंच. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. वाटीने मोजू नका, वजनकाटा काढा. वाटीभर मैदा आणि वाटीभर बटर यांचं वजन सारखं नसतं. एका संत्र्याची साल बारीक किसणीवर किसून साखरेत चोळा. संत्रं सोलायच्या आधीच किसायचं, कारण आपल्या संत्र्याची साल सैल असते आणि सोललेला तुकडा किसणीवर धरता येत नाही. फक्त नारिंगी भाग घ्या, पांढरा कडू लागतो. अंड्यांचा पांढरा भाग, साखर, मैदा, बटर याच क्रमाने हलक्या हाताने मिसळा. फेस आणू नका, बुडबुड्यांची भोकं पडतात. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. यात वीसेक सुरळ्या होतात.

पिठात कोको घालायचा मोह होईल, तो टाळा. काळ्या पिठाच्या कडा कधी तांबूस झाल्या ते दिसत नाही, आणि इथे आपला सगळा भरवसा त्या कडांवर आहे. चॉकलेट नंतर लावायचंच आहे. अंड्याशिवायही मी करून पाहिलं. चवीला बरं लागतं, पण वळताना तडकतं.

ओव्हन १८० अंशांवर तापवा आणि पंखा बंद ठेवा, त्याच्या झोताने पातळ कडा दुमडतात. सिलिकॉनच्या चटईवर एक-एक चमचा पीठ घालून चमच्याच्या पाठीने ८-९ सेंटिमीटरचे गोल पसरा. खालची चटई पिठातून जरा दिसेल इतके पातळ हवेत. मधल्या कप्प्यात ६ ते ८ मिनिटं.

एका वेळी तीनच गोल घाला. तुमचा ट्रे कितीही मोठा असो, तीनच. पहिल्यांदा करत असाल तर दोन.

आता गुंडाळण्याकडे येते. आपला हात इथे चुकतो तो सुरळीच्या वडीमुळे. तिथे बेसन गरम असताना पसरतो आणि निवल्यावर गुंडाळतो. इथे नेमकं उलटं आहे. इथे डोक्यात संक्रांतीची चिक्की ठेवा. गरम पाक लाटण्याखाली सरकतो, निवला की तडकतो. या बिस्किटात साखर भरपूर असल्याने तेही तसंच वागतं. गरम असताना कापडासारखं वळतं, निवताना काचेसारखं कडक होतं. मधला वेळ जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा.

म्हणून ट्रे पूर्ण बाहेर काढायचाच नाही. कडा बोटभर तांबूस आणि मधला भाग फिकट दिसला की दार उघडा, कप्पा अर्धा ओढा आणि पातळ सराट्याने एकच गोल उचला. बाकीचे दोन उबेतच राहू देत. गोल ओट्यावर पालथा टाका, म्हणजे वरची बाजू सुरळीच्या बाहेर येते. लाकडी चमच्याचा दांडा कडेवर ठेवा, कड त्यावर चढवा आणि एका दमात पुढे लोटा. मध्ये थांबलात तर तिथेच घडी मोडते. शेवटची कड खाली येईल असा दांडा ओट्यावर पाच सेकंद दाबून धरा, नाहीतर सुरळी हळूहळू उलगडते. मग दांडा ओढून घ्या आणि पुढचा गोल उचला.

बोटं भाजतात, हे आधीच सांगते. पातळ सुती हातमोजे घाला. बोटं पाण्यात बुडवून वळा असा सल्लाही ऐकला आहे. तो अजिबात मानू नका, जिथे पाणी लागेल तिथे सुरळी नरम पडते. एखादा गोल कडक झालाच तर जोर लावू नका. ओव्हनमध्ये अर्धा-एक मिनिट परत ठेवा, पुन्हा वळतो. हे एकदा, फार तर दोनदा जमतं, त्यानंतर कडा करपतात.

चॉकलेटचं काम रात्री करा, खोली गार असते. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या, ज्यात कोको बटर आहे असं. वनस्पती तूप घातलेलं कंपाउंड चॉकलेट पटकन गोठतं, पण जिभेवर मेणासारखं लागतं. १०० ग्रॅम चॉकलेट गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, गरम पाण्यावर ४५ अंशांपर्यंत वितळवा. वाफेचा एक थेंब आत पडला तरी चॉकलेट आळून गोळा होतं, तेव्हा वरचं भांडं कोरडं आणि गंजापेक्षा मोठं असू द्या. खाली उतरवून उरलेलं ५० ग्रॅम बारीक चिरून घाला आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. कागदावर थेंब टाकून पाहा. पाचेक मिनिटांत चकचकीत गोठला तर तयार. सुरळीची दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर बुडवा, निथळा, बटर पेपरवर ठेवा. गोठवायला फ्रीजमध्ये घालू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं. आत क्रीम घातलेलं चॉकलेटही भरू नका, त्यातल्या पाण्याने दोन तासांत सगळा कुरकुरीतपणा जातो.

घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवल्या की थंडीत आठवडाभर टिकतात.